चौथी बॅटरीही उतरली, आता विश्वास कोणावर ठेवायचा?

पत्र थोडक्यात असं : पत्रलेखक 29 वर्षांचे, पुण्यात नोकरीला. आईबाबा संगमेश्वर तालुक्यात गावी राहतात. बाबांकडे 2018 सालची, दीडशे सीसीची, कार्ब्युरेटरवाली मोटारसायकल आहे. तिला किक आणि सेल्फ दोन्ही आहेत, पण गुडघ्यांमुळे बाबांना किक मारवत नाही. गाडीची मूळ बॅटरी चार वर्षं चालली, दुसरी अडीच. गेल्या दिवाळीत पत्रलेखकांनी हौसेनं गाडीला चोरीचा अलार्म आणि मोबाईल चार्जर बसवून दिला. फेब्रुवारीत बॅटरी बदलावी लागली, जुलैत पुन्हा बदलली. आता ऑगस्टमध्ये चार-पाच दिवस गाडी उभी राहिली की ही नवी बॅटरीही सेल्फ उचलत नाही. गावातल्या गॅरेजवाल्या काकांनी गाडी चालू ठेवून बॅटरीची तार काढून बघितली, गाडी बंद पडली. त्यावरून, ‘कॉइल (इंजिन फिरताना वीज तयार करणारी तारांची गुंडाळी) गेली, इंजिनाची बाजू उघडावी लागेल, साडेपाच हजार खर्च’ असं सांगितलं. पत्रलेखकांना वाटतं, काका फसवतायत. थोरला भाऊ म्हणतो, गाडी विका. बाबा म्हणतात, काका वीस वर्षं ओळखीचे आहेत, ते म्हणतील ते करू. पत्रलेखक गणपतीला आठ दिवस घरी जाणार आहेत. तेवढ्यात घरच्या घरी तपासणी होईल का, आणि ती केली तर काकांचा अपमान होईल का, असं त्यांनी विचारलं आहे.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा गाडीसाठी आणि दुसऱ्यांदा बाबांसाठी. बाजारात गेलेला माणूस परत निघताना सेल्फचं बटण दाबतो, नुसती टिकटिक होते, किक मारायची म्हटलं तर गुडघा साथ देत नाही आणि वरून पाऊस. पुण्यात बसून हे चित्र डोळ्यांपुढे आलं की जीव कासावीस होणारच. त्यामुळे पैशापेक्षा ‘गाडी दर वेळी चालू झाली पाहिजे’ हा तुमचा खरा प्रश्न आहे असं धरून मी लिहिते.

तपासणी घरी होईल, आठ दिवस त्याला भरपूर आहेत. पण त्याआधी पत्रातली दोन गृहीतकं थोडी हलवून बघू या.

पहिलं म्हणजे, काका फसवतायत. मला तसं वाटत नाही. काकांनी जी चाचणी केली ती गॅरेजांमध्ये वर्षानुवर्षं चालत आली आहे. जुन्या गाड्यांमध्ये इग्निशनला लागणारी वीज मॅग्नेटमधल्या वेगळ्या कॉइलवरून यायची. बॅटरी असो वा नसो, गाडी चालायची. आताच्या बऱ्याच गाड्यांमध्ये इग्निशन बॅटरीच्या विजेवर चालतं. गाडी मंद चालू असताना बॅटरी काढली की रेग्युलेटरचा, म्हणजे कॉइलची वीज आवरून बॅटरीला देणाऱ्या डब्याचा, दाब (व्होल्टेज) एकदम वरखाली होतो आणि धडधाकट गाडीही बंद पडू शकते. म्हणजे त्या चाचणीतून कॉइल चांगली आहे की वाईट, काहीच कळत नाही. उलट त्या क्षणी दाब उसळून बल्ब, रेग्युलेटर, मीटर बाद होण्याची भीती असते. इंजेक्शनच्या गाडीत (जिथं कार्ब्युरेटरऐवजी छोटा संगणक पेट्रोल सोडतो) तर संगणकाचा डबाच जाऊ शकतो. काकांचा निष्कर्ष चुकीचा असेल, हेतू चुकीचा आहे असं म्हणायला पत्रात काही आधार नाही.

दुसरं गृहीतक जास्त खोल आहे, आणि ते तुमचं, भावाचं, बाबांचं, काकांचं, सगळ्यांचं एकच आहे : बॅटरी उतरली म्हणजे बॅटरी बदलायची. घरातली कणगी रिकामी दिसली तर आपण लगेच नवी कणगी विणायला टाकत नाही. भात कमी आलं का, उंदीर लागलेत का, की कणगीच खालून फुटली आहे, हे आधी बघतो. बॅटरीचंही तसंच. एक तर तिच्यात वीज पुरेशी जात नाही, नाहीतर गाडी बंद असताना वीज कुठून तरी गळते, नाहीतर बॅटरी स्वतःच वीज धरत नाही. तुमच्याकडे दोनदा बॅटरी बदलली गेली, पण या तीनपैकी काय झालंय ते एकदाही मोजलं गेलेलं नाही.

आता तुमच्याच पत्रातल्या तारखा बघू. फेब्रुवारीत गेलेली बॅटरी अडीच वर्षांची होती. ती वयानं गेली असं म्हणता येईल, तिच्यासाठी कोणाला दोष देऊ नका. पण पुढची पाच महिन्यांत गेली, आणि आत्ताची तर महिन्याभरातच कुरकुरते आहे. त्याआधी सहा-साडेसहा वर्षं गाडीत ही तक्रार नव्हती. मधे काय बदललं? दिवाळीत अलार्म आणि चार्जर बसला. तुम्ही प्रेमानं दिलेली वस्तू आहे, म्हणून हे लिहिताना मला जड जातंय, पण संशयाची पहिली जागा तीच आहे.

काकांच्या निदानाविरुद्ध जाणारी आणखी एक गोष्ट पत्रातच आहे. 1 एप्रिल 2017 पासून आपल्याकडे नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत सतत जळतो, बंद करायचं बटणच नसतं. तुमची गाडी 2018 ची. हेडलाइट 35 वॅटचा धरला तर तो एकटा जवळजवळ 3 अँपिअर खातो. टेललाइट आणि इग्निशन धरून 4 म्हणा. बाबांच्या गाडीची बॅटरी 5 अँपिअर-अवरची, म्हणजे साधारण 1 अँपिअर पाच तास पुरवणारी, आहे असं तुम्ही लिहिलंय. कॉइल पूर्ण गेली असती आणि काहीच भरलं जात नसतं, तर ही बॅटरी सव्वा तास गाडी चालवल्यावर संपली असती. ती पाच महिने टिकली, त्याअर्थी चार्जिंग होत होतं. कमी होत असेल, हे मात्र शक्य आहे. कॉइलचे तीन भाग असतात, त्यातला एक जळला तर गाडी असं अर्धपोटी चार्जिंग करते. म्हणून काकांचं म्हणणं सरळ फेकून देऊ नका. मोजा.

‘बाबा जवळच्या जवळच जातात म्हणून बॅटरी भरत नसेल’ अशीही शंका तुम्ही काढली आहे. हिशेब करून बघू. सेल्फ मारताना समजा 60 अँपिअर लागले आणि 3 सेकंद बटण दाबलं, तर खर्च झाला 0.05 अँपिअर-अवर. चार्जिंग नीट असेल आणि हेडलाइट वगैरे वजा जाता बॅटरीत 1 अँपिअर जरी जात असेल, तर तेवढी भरपाई तीन मिनिटांत होते. म्हणजे दोन किलोमीटरच्या फेऱ्या एकट्या दोषी नाहीत. एका फेरीत सात ठिकाणी थांबून सात वेळा सेल्फ मारला तर गोष्ट वेगळी.

गळतीचा हिशेब मात्र घाबरवणारा आहे. अलार्म गाडी बंद असताना जागा असतो, तेच त्याचं काम. तो समजा 30 मिलिअँपिअर घेत असेल. आकडा क्षुल्लक वाटतो. पण दिवसाचे 24 तास धरले की 0.72 अँपिअर-अवर होतात, आणि पाच दिवसांचे 3.6. बॅटरी मुळात 5 ची. पाचव्या दिवशी सेल्फ उचलणार कशी? ‘चार-पाच दिवस गाडी उभी राहिली की’ हे तुमचेच शब्द आहेत. आणि शिसे-आम्लाची बॅटरी अशी तळाला जाऊन पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कडक खडे धरतात. ते पुन्हा चार्जिंगनं पूर्ण विरघळत नाहीत. दर खेपेला कणगी आतून थोडी लहान होते. नवी बॅटरी पाच महिन्यांत म्हातारी होते ती अशी.

हे सगळं अजून अंदाज आहेत, आणि ते अंदाजच आहेत म्हणून तर मीटर हवं. पुण्यातून निघताना एक डिजिटल मल्टिमीटर (व्होल्ट, अँपिअर मोजायचं यंत्र) घ्या. तीन-चारशे रुपयांचं साधं चालेल. 10 चा पाना आणि एक स्क्रू ड्रायव्हर बाबांकडे असेलच.

गेल्या गेल्या बॅटरी काढा. पाना लावण्याआधी हातातली अंगठी, घड्याळ, कडं उतरवा. आधी निगेटिव्ह तार सोडायची, मग लाल टोपीखालची पॉझिटिव्ह. बसवताना उलटं, पॉझिटिव्ह आधी. कारण गाडीची सगळी चासी, म्हणजे लोखंडी सांगाडा, निगेटिव्हला जोडलेली असते. निगेटिव्ह जोडलेली असताना पॉझिटिव्हचा नट सोडायला गेलात आणि पाना चासीला टेकला, तर ठिणगी उडून पाना तिथंच चिकटतो.

काढताना टर्मिनलकडे नीट बघा. नट सैल होता का? तारेच्या टोकाला पांढरी-हिरवी बुरशी धरली आहे का? पितळेच्या भांड्यात आंबट ठेवलं की ते कळकतं, तशी कोकणातल्या पावसाळ्यात गाडीची तांब्या-पितळेची टोकं कळकतात. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशनं घासा, पुसून कोरडं करा, आणि बसवून आवळल्यावर वरून व्हॅसलीनचा हात फिरवा. चासीला आणि इंजिनाला जिथं अर्थची तार बोल्टनं जोडली आहे ती जागाही अशीच साफ करा. या जागेकडे कोणीच बघत नाही. माझ्या स्वतःच्या गाडीत मी एक नवी बॅटरी घालून बसले होते, आणि दोष निघाला गंजलेल्या अर्थच्या बोल्टमध्ये. तेव्हापासून मी सुरुवात तिथूनच करते.

मग बॅटरी पूर्ण चार्ज करून आणा. तालुक्याच्या गावी बॅटरीच्या दुकानात करून देतात. फक्त सांगा की 5 अँपिअर-अवरची आहे, अर्ध्या अँपिअरवर लावा, दहा-बारा तास राहू दे. क्षमतेच्या दहाव्या हिश्शानं भरायचं, हा साधा नियम आहे. मोटारीच्या किंवा इन्व्हर्टरच्या चार्जरवर तासाभरात ‘फुल’ करून देतो म्हणाले तर नको म्हणा, ही चिमुकली बॅटरी त्यात उकळते. घरीच चार्जर लावणार असाल तर पडवीत, मोकळ्या हवेत लावा. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि गणपतीच्या दिवसांत घरात समई, निरांजन, उदबत्ती चालूच असते. बॅटरी त्या खोलीत अजिबात नको. ‘मेंटेनन्स फ्री’ लिहिलेली असेल तर तिची झाकणं उचकटू नका. पाणी घालायची जुन्या पद्धतीची असेल तर दोन रेघांच्या मधे येईल इतकं डिस्टिल्ड वॉटर घालायचं, ॲसिड कधीच नाही.

चार्ज करून आणलेली बॅटरी लगेच गाडीत बसवू नका. ही माझी सगळ्यात आवडती चाचणी आहे, कारण ती काही न जोडता होते. बॅटरी रात्रभर तशीच बाजूला ठेवा. सकाळी मीटर डीसी व्होल्टच्या 20 वर ठेवून टोकं लावा, आकडा वहीत लिहा. पूर्ण भरलेली, तब्येतीची बॅटरी 12.6 ते 12.9 च्या आसपास दाखवते. 12.2 म्हणजे साधारण अर्धी, 12 च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. पूर्ण चार्ज करूनही दुसऱ्या दिवशी साडेदहा-अकरा दाखवत असेल तर आतल्या सहा घरांपैकी एक मेलं आहे, पुढचं काही तपासण्याआधी बॅटरी दुकानदाराकडे न्या. आणखी दोन दिवस तशीच ठेवून पुन्हा मोजा. बाहेर ठेवलेली बॅटरी 12.7 ची 12.7 राहिली, आणि गाडीत बसवून तेवढेच दिवस उभी केल्यावर 12.2 वर आली, तर बॅटरी निर्दोष आणि गाडीत गळती आहे हे शेंबड्या पोरालाही पटेल. काकांना तर लगेच पटेल.

गळती नेमकी किती हे बघायचं तर बॅटरी गाडीत बसवून, चावी बंद ठेवून, निगेटिव्ह तार सोडा. मीटरची लाल तार 10 अँपिअरच्या भोकात घाला, निवड करायची चकतीही 10 अँपिअरवर आणा. मग एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं सुटलेल्या तारेला. आता गाडी मीटरमधून श्वास घेते आहे. अलार्म जोडल्या जोडल्या चिवचिवेल, त्या वेळी आकडा मोठा दिसेल. पाच-दहा मिनिटं थांबा, त्याला झोपू द्या. मग 0.03 दिसलं तर ते 30 मिलिअँपिअर. अलार्म नसलेल्या गाडीत डिजिटल घड्याळासाठी दोन-तीन मिलिअँपिअर जातात, ते चालतं. मोठा आकडा दिसला तर आधी चार्जरची, मग अलार्मची जोडणी एकेक करून सोडा. जिथं आकडा कोसळेल तिथं तुमचा उंदीर आहे.

इथं दोन गोष्टी काळजीनं पाळा. मीटर असं जोडलेलं असताना चावी फिरवू नका आणि सेल्फचं बटण तर चुकूनही दाबू नका, मीटरचा फ्यूज किंवा मीटरच जाईल. आणि हे मोजून झालं की लाल तार तिथून काढून लगेच व्होल्टच्या भोकात परत घाला. तार अँपिअरच्या भोकात राहिली आणि तुम्ही व्होल्ट मोजायला बॅटरीला टोकं लावलीत, तर तो सरळ शॉर्ट होतो. अनुभवी लोकांचीही ही चूक होते.

आता काकांच्या कॉइलकडे वळू. भरलेली बॅटरी बसवा, मीटर व्होल्टवर तिला लावून ठेवा आणि बाबांना सेल्फ मारायला सांगा. त्या क्षणी आकडा खाली जातो, पण साडेनऊ-दहाच्या खाली जायला नको. गाडी चालू झाल्यावर मंद गतीला 13 च्या आसपास असेल, थोडा कमी असला तरी दचकू नका. मग हळूहळू रेस वाढवत मिनिटाला चार हजार फेऱ्यांपर्यंत न्या. चार्जिंग ठणठणीत असेल तर आकडा 13.8 ते 14.5 मधे येऊन ठरतो. तिथं आला तर कॉइल गेलेली नाही, रेग्युलेटर गेलेला नाही, साडेपाच हजार वाचले. 15 च्या वर चढत गेला तर रेग्युलेटर दाब आवरत नाही. त्यानं बॅटरी फुगते, सडक्या अंड्यासारखा वास येतो, बल्ब पटापट उडतात. आणि रेस देऊनही आकडा 12.5 वरून हलला नाही किंवा उलट उतरत गेला, तर चार्जिंगमध्ये दोष आहे.

तसं झालं तरी इंजिनाची बाजू लगेच उघडायची नाही. आधी फ्यूज. मग रेग्युलेटरकडे जाणारं कपलर, म्हणजे तारा जोडणारा प्लॅस्टिकचा सांधा, उघडून बघा. प्लॅस्टिक तपकिरी पडलंय, वितळलंय, पिना कळकल्यात असं दिसलं तर तिथंच वीज अडते आहे. कॉइल तपासायची तर ती बाहेरूनच तपासता येते. बऱ्याच गाड्यांत कॉइलकडून तीन पिवळ्या तारा येतात. गाडी बंद असताना कपलर सोडा, मीटर एसी व्होल्टच्या 200 वर ठेवा, गाडी चालू करून रेस द्या आणि दोन-दोन तारांमधला दाब तीन जोड्यांत मोजा. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे आले आणि रेसबरोबर चढत गेले, तर कॉइल चांगली, दोष रेग्युलेटरमध्ये. एक जोडी मागे पडली तर कॉइल. गाडी बंद करून पिवळी तार आणि चासी यांच्यात जोड दाखवत असेल तरीही कॉइल. इथं पन्नास-साठ किंवा त्याहून जास्त व्होल्ट असतात, म्हणून हात कोरडे हवेत, पायांत चप्पल हवी आणि टोकांची उघडी धातू बोटांना लागता कामा नये. आत्मविश्वास नसेल तर हा भाग काकांनाच करू द्या, तुम्ही आकडे लिहून घ्या. रेग्युलेटर दोन बोल्टांवर निघतो. कॉइलसाठी ऑइल काढून, कव्हर उघडून, गॅस्केट बदलावं लागतं. म्हणून क्रम महत्त्वाचा.

कॉइलच गेलेली निघाली, तर काका बरोबर होते. तसं त्यांना मोकळ्या मनानं सांगा, काम त्यांच्याकडूनच करून घ्या, आणि जुनी कॉइल बघायला मागा. जळलेल्या भागाचे वेढे काळे पडलेले दिसतात.

पण मला वाटतं गळतीच निघेल, आणि मग अलार्मचं काय करायचं हा तुमचा खरा निर्णय असेल. चार्जरचं सोपं आहे. तो थेट बॅटरीवर जोडलेला असेल तर चावी चालू केल्यावरच वीज येईल अशा तारेवर, मधे फ्यूज घालून घ्या. अलार्मला हा उपाय लागू होत नाही, चावीबरोबर तो बंद पडला तर उपयोग काय? कमी खाणारा अलार्म मिळतो, किंवा गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तेव्हा बंद करायला एक छोटं कट-ऑफ बटण निगेटिव्ह तारेत बसवता येतं. माझं मत विचाराल तर काढून टाका. बाबांची गाडी पडवीत, कुलपात उभी असते असं तुम्हीच लिहिलंय. चोराच्या भीतीपेक्षा बाजारात अडकून पडण्याची भीती त्यांना जास्त असणार. एकदा त्यांनाच विचारा ना, त्यांना अलार्म हवा होता का. कदाचित ‘पोरानं हौसेनं दिलाय’ म्हणून ते गप्प असतील.

भावाचा गाडी विकायचा सल्ला मी या घडीला बाजूला ठेवते. बाबांनी गाडी चालवावी की नाही हा गुडघ्यांचा आणि नजरेचा प्रश्न आहे, त्यावर घरात जरूर बोला. पण तीस मिलिअँपिअरच्या गळतीपायी तो निर्णय होऊ नये.

आता काका. तपासणी त्यांच्या पाठीमागे करू नका. गणपतीचा प्रसाद घेऊन गॅरेजवर जा आणि सांगा, ‘काका, मीटर आणलंय, जरा बघू या का?’ वीस वर्षं गाड्या हाताळलेल्या माणसाला कपलर कुठं आहे, कोणती तार कुठं जाते हे तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तुमच्याकडे आकडे आहेत, त्यांच्याकडे हात आहेत. ‘तुम्ही चुकलात’ या वाक्याची गरजच पडत नाही, 14.2 हा आकडा दोघांनी मिळून बघितला की पुरे. फक्त चालू गाडीत बॅटरीची तार काढायची पद्धत सोडा, एवढी विनंती मात्र स्पष्ट करा. त्यांच्याकडे आता इंजेक्शनच्या गाड्याही येत असतील.

जुलैच्या बॅटरीबद्दल एक चौकशी करा. पावती आणि वॉरंटी कार्ड आहे का, कार्डावर तारखेचा शिक्का आहे का? आणि बसवण्याआधी ती चार्ज केली होती का? काही बॅटऱ्या कोऱ्या येतात, दुकानात ॲसिड भरतात आणि घाईत तशाच गाडीत घालतात. पहिलं चार्जिंग चुकलं की तिची क्षमता सुरुवातीलाच मार खाते. जुन्या बॅटऱ्या पडवीत पडल्या असतील तर भंगारवाल्याला फोडायला देऊ नका, आत शिसं आणि आम्ल आहे. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची विल्हेवाट लावायची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी घेताना दुकानदार जुनी ठेवून घेतो आणि किमतीत सूटही देतो.

अशाच तक्रारी घेऊन लिहिणाऱ्या इतरांसाठी दोन शब्द. तुमची गाडी एप्रिल 2020 नंतरची, बीएस-6 (प्रदूषणाच्या नव्या निकषांची) असेल तर ती बहुधा इंजेक्शनची आहे. बॅटरी पार उतरली तर अशी गाडी बऱ्याचदा ढकलूनही चालू होत नाही, कारण पेट्रोलच्या पंपाला आणि संगणकाला आधी वीज लागते. म्हणून सेल्फ जड वाटायला लागला त्याच दिवशी मीटर लावा. आणि ज्यांच्याकडे रेसबरोबर हेडलाइट कमी-जास्त होणारी जुनी शंभर सीसीची गाडी आहे, त्यांच्या कॉइलची रचना वेगळी असते. एक टोक मुद्दाम चासीला जोडलेलं असतं. तिथं तीन तारांची आणि चासीशी जोडाची चाचणी लावू नका, चांगली कॉइल नापास होईल. बॅटरीवरचा 13.8 ते 14.5 चा आकडा तुम्हालाही बराचसा लागू आहे, तेवढाच बघा.

आणि पुण्याला निघताना मीटर परत आणू नका. पडवीत खुंटीला टांगून ठेवा, चकती ‘ऑफ’वर, लाल तार व्होल्टच्या भोकात. बाबांना चकती व्होल्टच्या 20 वर कशी आणायची आणि टोकं कुठं लावायची ते दाखवा, दोनदा त्यांच्या हातून करून घ्या. दर रविवारी सकाळी, चावी लावायच्या आधी, आकडा बघून तुम्हाला फोनवर सांगायचा. 12.6 सांगितला तर गावाकडची बाकीची खबर घ्या. 12.3 सांगितला तर काकांना फोन करा.